पाहुणा, चाकर आणि समुद्र : जमैका किंकेड यांच्या ‘अ स्मॉल प्लेस’विषयी

वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा हे बेट आपल्याकडे माहीत आहे ते क्रिकेटमुळे. विवियन रिचर्ड्स या बेटाचा. अँडी रॉबर्ट्स आणि कर्टली अँब्रोझही तेथलेच. १९८६ साली सेंट जॉन्सच्या मैदानावर रिचर्ड्सने इंग्लंडविरुद्ध ५६ चेंडूंत शतक काढले. जबडा मोडलेला असताना डोक्याभोवती पट्टी बांधून अनिल कुंबळेने २००२ साली गोलंदाजी केली, तीही याच मैदानावर. मैदानाच्या कुंपणाबाहेर काय आहे हे मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २८१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या सर्वसाधारण तालुक्याहूनही पुष्कळ कमी. त्याच्या किनाऱ्यावर वर्षाच्या दिवसांइतक्या, म्हणजे ३६५ पुळणी आहेत, अशी तेथील पर्यटन खात्याची जाहिरात असते. या पुळणींवर युरोप-अमेरिकेतील पैसेवाल्यांसाठी आलिशान हॉटेले उभी आहेत आणि गुलामांचे वंशज त्यांत चाकरी करतात.

जमैका किंकेड या लेखिकेचे ‘अ स्मॉल प्लेस’ हे १९८८ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या हॉटेलांविषयी आहे. पुस्तक कसले, ऐंशीएक पानांचा एक दीर्घ निबंध. ते जुने झाले आहे हे मान्य. पण आपल्या चळवळीत आणि महाविद्यालयांत काळ्यांच्या साहित्याची चर्चा होते तेव्हा ती अमेरिकेपाशी येऊन थांबते. ती तेथे का थांबते, याला कारणे आहेत. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये पँथरने आपले नाव अमेरिकेतील पँथरकडून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी, तेव्हाच्या भाषेत ज्याला निग्रो साहित्य म्हणत, त्याची ओळख मराठीला करून दिली. कॅरिबियन बेटे या सगळ्यात बाजूलाच राहिली. तेथील माणसाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आपल्या देशात तो बहुसंख्य आहे, मतदार आहे, मंत्री आहे, आणि तरीही त्याचा देश दुसऱ्यांच्या सुटीसाठी चालवला जातो.

किंकेड यांचा जन्म १९४९ चा, सेंट जॉन्समधलाच. मूळ नाव इलेन पॉटर रिचर्डसन. वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी त्या अमेरिकेत परक्याच्या घरी मुले सांभाळायच्या नोकरीवर गेल्या. १९७३ मध्ये त्यांनी नवे नाव घेतले आणि पुढे ‘न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकाच्या लेखकवर्गात त्यांचा समावेश झाला. ज्या साप्ताहिकाने त्यांना लेखिका म्हणून उभे केले, त्यानेच हा निबंध छापायचे नाकारले. त्यात राग फार आहे, असे कारण सांगितले गेले. हे कारण आपल्याला ओळखीचे वाटावे. आक्रस्ताळे, प्रचारकी, कलात्मक अंतर नसलेले, ही विशेषणे आपल्या प्रस्थापित समीक्षकांनी आपल्या लेखनाला पुष्कळ वर्षे लावली. संताप हा लेखनातला दोष आहे असे ज्याला वाटते, त्याला त्या संतापाचे कारण पाहायचे नसते, एवढेच माझे मत आहे.

निबंधाचा पहिला भाग सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यात एक पर्यटक अँटिग्वाच्या विमानतळावर उतरतो आणि टॅक्सीने आपल्या हॉटेलात जातो. घडते एवढेच. विमानतळाला पंतप्रधानाचे नाव आहे हे तो पाहतो, पण शाळेला, इस्पितळाला किंवा एखाद्या स्मारकाला ते का नाही, हे त्याच्या मनात येत नाही. टॅक्सी नवी कोरी जपानी आहे आणि तरी खडखडते. कारण तिच्यात चुकीचे, शिसे घातलेले पेट्रोल आहे. गाडीसाठी कर्ज मिळते, घरासाठी मिळत नाही, कारण गाड्यांच्या व्यवसायात मंत्र्यांचे हितसंबंध आहेत. वाटेत शौचालयासारखी दिसणारी एक इमारत लागते. ती शाळा आहे. एक इस्पितळ लागते. मंत्री आजारी पडले की ते तेथे जात नाहीत, न्यू यॉर्कला जातात. मग हॉटेल. खिडकीतून समुद्र दिसतो, त्याचा निळा रंग दिसतो. बेटावर सांडपाण्याची धड व्यवस्था नाही, हे लेखिका त्या क्षणी पर्यटकाला सांगते. त्याच्या न्हाणीघरातील पाणी कोठे जाते आणि तो पोहायला उतरतो ते पाणी कोणते, हा हिशेब ती त्याच्यापुढे मांडते. ताटातील जे अन्न त्याला बेटाची ताजी चव वाटते, ते विमानाने मियामीहून आलेले असते.

या सगळ्याचे निवेदन द्वितीयपुरुषी आहे. पर्यटकाला नाव नाही, त्याला सरळ संबोधून बोललेले आहे. आमच्या अभ्यास मंडळात या पुस्तकाची काही पाने मी मराठीतून सांगितली, तेव्हा पहिल्याच वाक्याला अडलो. इंग्रजीतील ते संबोधन राजालाही चालते आणि कुत्र्यालाही. मराठीत तसा शब्द नाही. मराठीत तोंड उघडण्याआधी समोरच्याची पायरी ठरवावी लागते : आपण, तुम्ही की तू? विद्यार्थ्यांत दोन तट पडले. काहींचे म्हणणे, ‘आपण’ म्हणावे, कारण हॉटेलातला नोकर तसेच बोलतो आणि त्यातला उपरोध आपोआप उतरेल. एका विद्यार्थिनीने ते मान्य केले नाही. ती म्हणाली, ‘ही बाई ड्यूटीवर नाहीये सर.’ मला हे पटले. कामावर असलेल्या माणसाने हसऱ्या चेहऱ्यामागे जे गिळलेले असते, ते येथे काम सुटल्यावर बोलले गेले आहे. म्हणून ‘तू’.

पण मराठीत ‘तू’ म्हटल्याबरोबर मूळ इंग्रजीत नसलेली एक गोष्ट घडते. आपल्या गावगाड्यात उच्चवर्णीयाचे शेंबडे पोरही म्हाताऱ्या महाराला ‘अरे’ म्हणून हाक मारी आणि त्या म्हाताऱ्याने जोहार घालून ‘मायबाप’ म्हणायचे, हा रिवाज. खालून वर ‘तू’ जाणे हाच मुळी गुन्हा होता. देवाला ‘तू’ म्हणता येत होते, पाटलाला येत नव्हते. किंकेड यांचे वाक्य मराठीत आले की ते मूळच्याहून अधिक धारदार होते, हे मी अभिमानाने सांगत नाही. आपल्या भाषेत किती उतरंड मुरलेली आहे याचा तो पुरावा आहे. लेखिकेची तक्रार वेगळी आहे. गुन्हेगाराने केलेल्या गुन्ह्याविषयी बोलायला आपल्यापाशी गुन्हेगाराचीच भाषा तेवढी उरली, असे ती म्हणते. आपल्याला निदान बोली होती. आपल्या लेखकांनी ती वापरली आणि प्रमाण भाषेच्या दारात आणून उभी केली.

आता या हॉटेलांच्या पायाखालची जमीन पाहू. कोलंबसाने १४९३ साली या बेटाला नाव दिले, १६३२ पासून इंग्रज तेथे वसले. १६७४ मध्ये कॉड्रिंग्टन घराण्याकडे ‘बेटीज होप’ हा मळा आला आणि बेट उसाखाली गेले. आफ्रिकेतून माणसे आणली, राबवली, मारली. १७३६ मध्ये गुलामांनी केलेला उठावाचा कट फुटला. त्यांचा नेता प्रिन्स क्लास याला चाकावर बांधून, हाडे मोडून मारण्यात आले; एकूण ८८ जणांना देहांत शासन झाले. १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामी संपली. इतर बहुतेक वसाहतींत गुलामांना आणखी काही वर्षे उमेदवार म्हणून मालकाकडे बांधून ठेवले होते. अँटिग्वात तसे केले नाही, लगेच मोकळे केले. ते औदार्य नव्हते. सारी जमीन मालकांच्या ताब्यात होती, मोकळा झालेला माणूस जाणार कोठे? ब्रिटिश सरकारने आपल्या सर्व वसाहतींतील मालकांना मिळून दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. गुलामांना काही दिले नाही. ज्याची वस्तू गेली त्याला भरपाई, आणि जो वस्तू होता त्याला काय द्यायचे, असा तो न्याय.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला साखर धंदा बंद पडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तेथे हवाई तळ बांधला होता, तोच विमानतळ झाला आणि ऊस गेला तसा पर्यटक आला. ज्या गोदीत इंग्रज आरमाराची जहाजे दुरुस्त होत, ती ‘नेल्सन्स डॉकयार्ड’ आता प्रेक्षणीय स्थळ आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ती गुलामांच्या श्रमातून उभी राहिली हेही त्या वेळी नोंदवले गेले, पण नाव नेल्सनचेच राहिले.

पुस्तकातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा समुद्राची किंवा सांडपाण्याची नाही. ती हॉटेल प्रशिक्षण शाळेची आहे. बेटावर गुलामीच्या मुक्तीचा सोहळा होतो, भाषणे होतात. त्याच बेटावर एक शाळा आहे. तेथे मुलामुलींना चांगले चाकर कसे व्हावे हे शिकवतात. तिच्या पदवीदान समारंभाचे आकाशवाणी-दूरदर्शनवरून प्रक्षेपण होते आणि लोक कौतुकाने पाहतात. या दोन सोहळ्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे कोणालाही वाटत नाही, याचे लेखिकेला आश्चर्य वाटते. बाबासाहेबांनी शिक्षण म्हटले तेव्हा त्यांना कोणते शिक्षण अभिप्रेत होते, हा प्रश्न आपल्याकडील कौशल्य विकासाच्या वर्गांपुढेही ठेवता येईल. आपल्या मुलांनी हॉटेलात काम करू नये असे माझे म्हणणे नाही. पोटाला लागते ते करावेच लागते. पण वाकण्याच्या पद्धतीला प्रमाणपत्र देऊन तिला प्रगती म्हणणे, हे निराळे.

हॉटेलच्या जोडीला पुस्तकात ग्रंथालय आहे. १९७४ च्या भूकंपात सेंट जॉन्सचे सार्वजनिक ग्रंथालय मोडले. दुरुस्ती व्हायची आहे अशी पाटी लागली आणि पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हाही ती तेथेच होती. पुस्तके एका कोंदट जागेत खोक्यांत पडली होती. गोऱ्या अमेरिकनांचा ‘मिल रीफ क्लब’ बेटावर होता. तेथे काळ्या माणसाला नोकर म्हणूनच आत जाता येई. त्या क्लबातले लोक ग्रंथालयाला पैसे द्यायला तयार होते, पण जुनीच इमारत जशीच्या तशी उभी राहणार असेल तर. म्हणजे काळ्या मुलांना वाचायला मिळावे यापेक्षा आपल्या आठवणीतले दृश्य पुन्हा दिसावे ही त्यांची तळमळ. ग्रंथालयाची नवी इमारत शेवटी २०१४ मध्ये, चाळीस वर्षांनी उघडली. त्या चाळीस वर्षांत किती हॉटेले बांधून झाली? पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या माणसाच्या अनुयायांना यातली वेदना समजावून सांगावी लागू नये.

एका बाबतीत आपण सावध राहिले पाहिजे. गुलामी आणि अस्पृश्यता यांची सरळ बरोबरी करण्याचा मोह या पुस्तकाने होतो. बाबासाहेबांनी या दोहोंची तुलना केली आहे आणि अस्पृश्यता अधिक वाईट असा निष्कर्ष काढला आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने तिच्या जिवाची काळजी तरी मालक घेई. अस्पृश्याच्या बाबतीत कोणावरच ती जबाबदारी नव्हती. अँटिग्वाच्या हॉटेलात काळी बाई गोऱ्याचे अन्न शिजवते, त्याच्या पोराला खेळवते, त्याची चादर बदलते. तिच्या स्पर्शाने काही बाटत नाही. तिच्यावर बंदी आहे ती पाहुणी म्हणून येण्याची. आपल्याकडे स्पर्शच बंद होता. तरीही सांडपाण्याचा तो परिच्छेद वाचताना दलित वाचकाला एक गोष्ट कळते. गोऱ्या वाचकाला ती तितकी कळेल असे मला वाटत नाही. एखाद्याची स्वच्छता नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर उभी असते, आणि ती टिकते ती घाण कोठे जाते हे न विचारण्यामुळे. किंकेड तो प्रश्न विचारतात आणि त्या निळ्या पाण्याला विटाळ करतात. मराठीत याहून नेमका शब्द मला सापडत नाही.

या निबंधाचा आपल्या साहित्याशी खरा संबंध येतो तो वाचकाच्या प्रश्नापाशी. पर्यटक आणि वाचक यांत अंतर किती? पर्यटक दुसऱ्याच्या जगण्याच्या जागी जातो, त्याला ते रम्य किंवा भयंकर वाटते, तो परत येतो आणि त्याचे काही बदलत नाही. आपल्या आत्मकथनांचे काय झाले? ‘बलुतं’ १९७८ चे, ‘उपरा’ १९८० चे, ‘अक्करमाशी’ १९८४ चे. पांढरपेशा वाचकाने ती विकत घेतली, रात्र जागून वाचली, डोळे पुसले. हे जग आम्हांला ठाऊकच नव्हते, असे तो म्हणाला. त्याच्या गावाच्या वेशीबाहेर पन्नास पावलांवर ते होते. ‘गोलपिठा’ला १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. अनोळखी मुलखात शिरणाऱ्याला वाटाड्या लागतो, तशी ती होती. तेंडुलकरांनी आपले अज्ञान लपवले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण त्यानंतर अनेकांनी वाटाड्याशिवायही ती सहल केली आणि तिला दलित साहित्याचा आस्वाद म्हटले.

दया पवारांना हा धोका कळला होता असे मला वाटते. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो. ऐकणाराही आपलाच, पण शिकून वर गेलेला. वाचकाला तेथे थेट जागा नाही. तो चोरून ऐकतो. किंकेड यांनी उलटी वाट धरली. त्यांनी वाचकालाच पकडून पुस्तकात बसवले आणि तुला काय दिसते आहे ते मी सांगते, असे म्हटले. एक आडोसा धरून बोलणे, दुसरे तोंडावर बोलणे. आपल्या आत्मकथनांत तोंडावर बोलणे कमी आहे, कवितेत ते अधिक आहे. हा मी उणेपणा म्हणत नाही, पण यावर विचार व्हायला हवा. पुढच्या पिढीचे लेखक अजूनही बालपणीच्या भुकेची तीच वाट चालत असतील तर ते कोणासाठी चालतात, हे त्यांनी एकदा स्वतःला विचारावे.

येथेच ‘उपरा’ आठवतो. लक्ष्मण माने यांच्या कैकाडी समाजाची गाढवांवर बिऱ्हाड लादून चाललेली भटकंती आणि प्रवासवर्णनातला प्रवास यांना एकच क्रियापद लावायचे का? आपल्या मराठी प्रवासवर्णनांत देखावे असतात, यजमान असतात, खाण्याच्या गमती असतात. खोली झाडणारी बाई अपवादानेच येते. प्रत्येक माणूस कोठला तरी रहिवासी असतो आणि कोठे तरी पर्यटक होऊ शकतो, पण जगातील बहुसंख्य माणसे इतकी गरीब आहेत की आपल्या जगण्यातून चार दिवसही बाहेर पडू शकत नाहीत, या अर्थाचे किंकेड यांचे एक विधान आहे. म्हणून पर्यटक त्यांना डोळ्यांसमोर नको असतो. त्याचा त्यांना हेवाही वाटतो.

आणि दलित माणूस पर्यटक झाला तर? बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात १९३४ ची एक हकिगत दिली आहे. वेरूळची लेणी पाहायला निघालेली तीसेक माणसांची मंडळी वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. प्रवासाने धुळीने माखलेली. किल्ल्याच्या दाराशी हौद होता, काहींनी त्यात हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला, ढेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर त्यांना किल्ला पाहू दिला, आणि पाळतीला एक हत्यारी शिपाई सोबत दिला. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदांना जाऊन आले होते. पर्यटक या शब्दात जो बेफिकीरपणा आहे, तो आपल्या वाट्याला असा आला. आज आपल्यातला नोकरदार वर्ग रजेच्या सवलतीवर गोवा-अंदमानला जातो, कोणी मॉरिशसलाही जातो. जावेच. पण किंकेड यांचा ‘तू’ वाचताना तो आपण नाही असे धरून चालण्याची सोय आता आपल्यालाही उरलेली नाही. खोलीत येऊन चादर बदलणाऱ्या बाईचे आडनाव आपण विचारतो का?

लेखिकेशी माझा मतभेद आहे तो पुस्तकाच्या उत्तरार्धाविषयी. लहान जागेतील माणसांना काळाचा, कार्यकारणाचा हिशेब कळत नाही, घटना त्यांच्यावरून नुसत्या वाहून जातात, असे त्या आपल्याच लोकांविषयी लिहितात. येथे त्यांची दृष्टी विमानातून उतरलेल्या माणसासारखी होते. त्याच लोकांनी १९३९ मध्ये कामगार संघटना उभी केली होती. १९५१ च्या लढ्यात बेथेस्डा गावी चिंचेच्या झाडाखाली साखर मळेवाल्यांचा प्रतिनिधी आणि संघटनेचे नेते व्हेअर बर्ड समोरासमोर आले. मजूर उपाशी राहिले, पण झुकले नाहीत. किंकेड यांच्या पुस्तकात हा इतिहास जवळजवळ नाही. हॉटेलातला वाढपी, टॅक्सीवाला, खोली झाडणारी, यांच्यापैकी कोणी त्यात पाच वाक्ये सलग बोलत नाही. सारा आवाज लेखिकेचा.

हा इतिहास असता तर पुस्तक अधिक कडू झाले असते, कारण विमानतळाला ज्याचे नाव आहे तो पंतप्रधान म्हणजे चिंचेखालचा तोच बर्ड. १९८१ मध्ये देश स्वतंत्र झाला, १९९४ पर्यंत तो पंतप्रधान होता आणि त्यानंतर दहा वर्षे त्याचा मुलगा. मजुरांचा पुढारी सत्ताधारी घराण्याचा मूळ पुरुष कसा होतो, मळ्याच्या मालकाशी लढलेला माणूस हॉटेलच्या मालकाला जमीन कशी देतो, ही गोष्ट किंकेड यांनी भ्रष्टाचाराच्या नावाखाली गुंडाळली. भ्रष्टाचार हा शब्द फार सोपा आहे. आपल्याही वाचकांना आपल्या पुढाऱ्यांकडे पाहून याचा विचार करता येईल. नावे घेण्याची गरज नाही.

अँटिग्वाचे जोडबेट बार्बुडा. पुस्तकात त्याचा उल्लेख ओझरता आहे, पण पुस्तकानंतरची कथा तेथेच घडली. १६८५ पासून १८७० पर्यंत हे बेट कॉड्रिंग्टन घराण्याकडे खंडाने होते. गुलामी संपल्यावर तेथील लोकांनी जमीन वाटून घेतली नाही, सर्वांची म्हणून वापरली. जनावरे चारायची, शेती करायची, घर बांधायचे, विकायची नाही. २००७ च्या कायद्याने या वहिवाटीला मान्यता मिळाली. २०१५ मध्ये नट रॉबर्ट डी नीरो आणि त्याचा भागीदार जेम्स पॅकर यांच्या हॉटेलासाठी खास कायदा झाला. त्याचे नाव ‘पॅराडाइज फाउंड’, म्हणजे गवसलेला स्वर्ग. तेथे कोणी राहत नव्हते की काय? सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने बार्बुडातील बहुतेक सारी घरे मोडली आणि सगळ्या वस्तीला अँटिग्वात हलवले गेले. माणसे तिकडे असतानाच विमानतळाच्या धावपट्टीचे काम सुरू झाले आणि काही महिन्यांतच सामाईक जमिनीचा कायदा बदलण्यात आला. लोक लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. २०२२ मध्ये जमिनीच्या दाव्यात ते हरले. २०२४ मध्ये विमानतळाच्या परवानगीला आव्हान देण्याचा हक्क त्यांना आहे, असा निकाल मिळाला. विमानतळ त्याच वर्षी सुरू झाला.

याच देशाने २०१३ पासून नागरिकत्व विकायला काढले आहे. पैसे गुंतवा, पारपत्र घ्या. पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणातील आरोपी मेहुल चोक्सी याने २०१७ मध्ये ते घेतले आणि जानेवारी २०१८ मध्ये भारत सोडला. मुंबईचा हिरे व्यापारी पैसे भरून त्या देशाचा नागरिक झाला. त्याच सुमारास पिढ्यान्‌पिढ्या बार्बुडात राहिलेली माणसे आपल्या जमिनीवर आपला काय हक्क आहे, हे न्यायालयात सिद्ध करत होती. गायरानासाठी ज्यांनी तुरुंग पाहिला, त्या दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहींना हा खटला कसला आहे हे एका वाक्यात कळले असते.

किंकेड यांनी बार्बुडावर स्वतंत्र पुस्तक लिहावे अशी अपेक्षा करणे बरोबर नाही. ते तेथील कोणी तरी लिहील. ‘अ स्मॉल प्लेस’ मात्र आपल्या अभ्यास मंडळांनी वाचावे. त्याचा पहिला भाग फार मोठा नाही, दोन बैठकांत मराठीतून सांगून होतो. ‘तू’विषयी माझे मत वर दिले आहे. ज्यांना ‘आपण’ योग्य वाटते त्यांनी एखादे पान तसे करून या अंकाच्या संपादकांकडे पाठवावे, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.